वाचकांचे प्रश्न: प्रत्येक प्रोग्रॅमसाठी स्क्रीन रीडरची वेगळी सेटिंग

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच अडचणीचे होते. एका प्रोग्रॅममध्ये हवा तसा बोलणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्यात गेल्यावर एकतर फार बोलतो, नाहीतर नेमकं हवं तेच गाळतो. बहुतेक वाचक विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात, म्हणून उत्तरं त्यालाच धरून आहेत. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर आणि मॅक यांचा प्रश्न शेवटी घेतला आहे. एनव्हीडीए कळ म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही नेमली असेल तर कॅप्स लॉक.

प्रश्न: माझं दिवसभराचं काम वर्डमध्ये असतं, त्यानंतर मी पायथन शिकतो. वर्डमध्ये प्रत्येक चिन्ह वाचलं की डोकं उठतं, पण कोडमध्ये कंस ऐकू आला नाही तर चूक सापडत नाही. दर वेळी सेटिंग बदलण्यावाचून उपाय आहे का?

उत्तर: आहे. त्यासाठी एनव्हीडीएमध्ये कॉन्फिगरेशन प्रोफाईलची, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच साठवण्याची, सोय आहे. आधी तुमचा कोड एडिटर उघडा आणि त्याच्या खिडकीत असतानाच एनव्हीडीए + कंट्रोल + पी दाबा. 'न्यू' बटणावर एंटर करा. 'यूज धिस प्रोफाईल फॉर' या गटात तीन पर्याय येतात: मॅन्युअल ॲक्टिव्हेशन (हाताने चालू करायचं), करंट ॲप्लिकेशन (आत्ता उघडलेला प्रोग्रॅम) आणि से ऑल (सलग वाचन). करंट ॲप्लिकेशन निवडा. त्या शब्दांपुढे प्रोग्रॅमचं नाव ऐकू येतं, ते तुमच्या एडिटरचंच आहे ना हे ऐकून घ्या, कारण दुसऱ्याच खिडकीतून ही कळ दाबली तर प्रोफाईल त्या प्रोग्रॅमला चिकटतं. ओके केलं की चौकट बंद होते आणि तुम्ही परत एडिटरमध्ये येता. आता इथे जे बदलाल ते फक्त या प्रोग्रॅमपुरतं राहील.

कोडसाठी चार गोष्टी बदलाव्यात. पहिली, चिन्हांची पातळी, म्हणजे किती चिन्हं वाचायची ते: एनव्हीडीए + पी दाबत राहिलात की नन, सम, मोस्ट, ऑल अशा पातळ्या फिरतात. कोडला ऑल ठेवा. ती फारच गजबजलेली वाटली तर मोस्टवर या.

दुसरी गोष्ट पायथनसाठी सगळ्यांत मोलाची, कारण तिथे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच रचना ठरवते. एनव्हीडीए + कंट्रोल + डी दाबून डॉक्युमेंट फॉरमॅटिंग उघडा आणि 'लाइन इंडेंटेशन रिपोर्टिंग' टोन्सवर ठेवा. ओळीची खोली बदलली की एक सूर वाजतो. प्रत्येक स्पेसला तो थोडा वर चढतो आणि एक टॅब चार स्पेसइतका चढ देतो. खोली तीच राहिली तर काहीच वाजत नाही, त्यामुळे एकाच ब्लॉकमधल्या ओळी शांतपणे ऐकता येतात आणि ब्लॉक संपला की लगेच कळतं. नवख्याने सुरुवातीला 'बोथ स्पीच अँड टोन्स' ठेवावं. आकडा आणि सूर बरोबर ऐकून कानाला सवय झाली की आकडा काढून टाका.

तिसरी, टाइप केलेले शब्द पुन्हा वाचणं. एनव्हीडीए + 3 ने ते बंद करा आणि एनव्हीडीए + 2 ने अक्षरं चालू ठेवा. कोडमध्ये शब्दापेक्षा अक्षर चुकतं. चौथी, कॅपिटल अक्षरं: स्पीच सेटिंगमध्ये (एनव्हीडीए + कंट्रोल + व्ही) 'बीप फॉर कॅपिटल्स' निवडलं की 'कॅप' हा शब्द मध्ये न येता छोटं अक्षर आणि मोठं अक्षर वेगळं कळतं. नेहमीचा आवाज मराठी असेल तर इथे त्याच सिंथेसायझरमधला (मजकुराचा आवाज तयार करणाऱ्या प्रोग्रॅममधला) इंग्रजी आवाज निवडा. आवाज आपोआप बदलण्याची सोय चालते ती मजकुराला भाषेची खूण लावलेली असेल तरच, आणि साध्या कोड फाईलमध्ये तशी खूण नसते.

शेवटी एनव्हीडीए + कंट्रोल + सी दाबून जतन करा. बाहेर पडताना सेटिंग आपोआप जतन होण्याचा पर्याय चालू असला तरी ही सवय चांगली, कारण एनव्हीडीए मध्येच बंद पडला तर आधीचे बदल जात नाहीत. वर्डसाठी वेगळं प्रोफाईल करू नका. तिथली तुमची सेटिंग हीच नेहमीची सेटिंग असू द्या. प्रोफाईलमध्ये फक्त बदललेल्या गोष्टी साठवल्या जातात, बाकी सगळं नेहमीच्या सेटिंगमधून येतं. म्हणून प्रोफाईलं जितकी कमी आणि जितकी छोटी, तितका पुढे गोंधळ कमी.

प्रश्न: मी आवाजाचा वेग वाढवला. काही प्रोग्रॅममध्ये तो वाढला, ब्राउझरमध्ये मात्र जुनाच आहे. एनव्हीडीए बिघडला आहे का?

उत्तर: बिघडलेला नाही. ब्राउझरचं प्रोफाईल तयार आहे आणि त्यात कधीतरी वेग बदलला गेला आहे. एकदा एखादी गोष्ट प्रोफाईलमध्ये लिहिली गेली की तिथे नेहमीच्या सेटिंगचं ऐकलं जात नाही. नंतर प्रोफाईलमध्ये तोच आकडा परत आणला तरी नोंद राहतेच, त्यामुळे पुढच्या वेळी नेहमीचा वेग बदललात की पुन्हा तोच घोळ. सर्वांत साफ उपाय म्हणजे ते प्रोफाईल डिलीट करून नव्याने करणं आणि या वेळी वेगाला हात न लावणं.

उलटा प्रकारही होतो. सेटिंग सगळीकडे बदलायची असते, पण एखाद्या प्रोग्रॅमचं प्रोफाईल चालू असताना बदल केला जातो आणि तो तिथेच अडकतो. म्हणून सेटिंगची चौकट उघडली की एनव्हीडीए + टी दाबून शीर्षक ऐका. त्याच्या शेवटी प्रोफाईलचं नाव असतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये असाल तर 'नॉर्मल कॉन्फिगरेशन' ऐकू येतं. ते नाव बरोबर नसेल तर काही बदलू नका. डेस्कटॉपवर जाऊन तिथून चौकट उघडा, किंवा प्रोफाईलच्या चौकटीत 'टेम्पररिली डिसेबल ऑल ट्रिगर्स' वर खूण करा, म्हणजे प्रोफाईलं आपोआप लागणं तात्पुरतं थांबतं. काम झाल्यावर ती खूण काढायला मात्र विसरू नका.

प्रश्न: ईमेल आणि ऑनलाइन दस्तऐवज दोन्ही मी एकाच ब्राउझरमध्ये वापरते. दोघांना वेगळी सेटिंग देता येईल का?

उत्तर: एनव्हीडीए प्रोफाईल प्रोग्रॅमला जोडतो, संकेतस्थळाला नाही. म्हणून आपोआप बदल होणार नाही. सोपा मार्ग म्हणजे एक काम दुसऱ्या ब्राउझरमध्ये करणं, म्हणजे प्रत्येकाचं प्रोफाईल आपोआप लागतं. ते नको असेल तर मॅन्युअल प्रोफाईल करा आणि त्याला कळ द्या. एनव्हीडीए मेनूतील प्रेफरन्सेसमध्ये इनपुट जेश्चर्स उघडा. तिथल्या 'कॉन्फिगरेशन प्रोफाईल्स' गटात तुमच्या प्रोफाईलचं नाव सापडेल, त्यावर 'ॲड' करून कळ नेमा. नेमण्याआधी एनव्हीडीए + 1 ने कळींची मदत चालू करून ती कळ आधीच कुठे वापरात नाही ना ते तपासा. तीच कळ पुन्हा दाबली की प्रोफाईल बंद होतं. हाताने चालू केलेलं प्रोफाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं तरी चालूच राहतं, हे लक्षात असू द्या.

ब्राउझरमध्ये काय बदलायचं तेही सांगते. 'क्लिकेबल' हा शब्द सारखा ऐकू येऊन त्रास होत असेल तर डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये त्याची खूण काढा. पान उघडताच आपोआप वाचन सुरू होत असेल तर ब्राउझ मोड (वेब पान वाचण्याची पद्धत) सेटिंगमध्ये (एनव्हीडीए + कंट्रोल + बी) 'ऑटोमॅटिक से ऑल ऑन पेज लोड' बंद करा.

प्रश्न: एक्सेलला वेगळा आवाज दिला, तेव्हापासून ऑल्ट + टॅब केलं की एनव्हीडीए काही क्षण गप्प होतो.

उत्तर: तुम्ही आवाजाबरोबर सिंथेसायझरही बदलला असणार. तो दर वेळी बंद करून दुसरा सुरू करावा लागतो, तेवढाच हा खोळंबा. त्याच सिंथेसायझरमधला दुसरा आवाज निवडा, नाहीतर फक्त वेग किंवा पट्टी बदला. मोठ्या तक्त्यात आवाजापेक्षा शीर्षकं जास्त उपयोगी पडतात: शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए + शिफ्ट + सी दाबलं की खाली कुठेही उजवीडावीकडे सरकताना स्तंभाचं शीर्षक ऐकू येतं.

प्रश्न: जॉजमध्ये आणि मॅकवर हे कसं होतं?

उत्तर: जॉजमध्ये हवा तो प्रोग्रॅम उघडून इन्सर्ट + 6 (वरच्या ओळीतला) दाबा. सेटिंग्ज सेंटर त्याच प्रोग्रॅमसाठी उघडतं. सगळीकडे लागू करायचं असेल तर आत गेल्यावर कंट्रोल + शिफ्ट + डी. शब्दांचे उच्चार ठरवणारा शब्दकोशही प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा ठेवता येतो, त्यासाठी इन्सर्ट + डी. मॅकवरील व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्ये, व्हॉइसओव्हर युटिलिटीत, 'ॲक्टिव्हिटीज' नावाचे सेटिंगचे संच आहेत. ते ॲपबरोबरच संकेतस्थळालाही जोडता येतात, म्हणजे ब्राउझरच्या प्रश्नाचं तिथे थेट उत्तर मिळतं.