विमान नक्की कोण उतरवतं, पायलट की कॉम्प्युटर?

विमानाची भीती घेऊन माझ्याकडे थेरपीला येणारे बरेच जण हाच प्रश्न विचारतात, 'मॅडम, टेकऑफ-लँडिंग सगळं ऑटोमॅटिकच असतं ना आता?' गंमत म्हणजे काहींना 'हो' ऐकायचं असतं आणि काहींना 'नाही'. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी आली होती (मीरा म्हणू तिला, तपशीलही बदललेत), तिला 'नाही' हवं होतं. म्हणे मी दिवसभर लोकांच्या कोडमधले बग काढते, सॉफ्टवेअर कसं घाईत रिलीज होतं मला विचारा, आणि त्याच्या भरवशावर मी आकाशात बसू? ऑफिसच्या कामाला दिल्लीला जायचं तर ही सुट्टी टाकून ट्रेनने जायची.

मी काय पायलट नाही, पण ओळखीतले एक निवृत्त कॅप्टन आहेत, त्यांना पिडते अधूनमधून. तर तिला सांगितलं, बाई गं, टेकऑफ आजही पायलटच करतो, हाताने. इंजिनाचा जोर ऑटोथ्रॉटल सांभाळतं पण विमान रनवेवर सरळ ठेवणं, नाक उचलणं हे माणसाचं काम, आणि व्ही-वन हा स्पीड येईपर्यंत कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवरच (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) असतो कारण काही बिघडलं तर थांबायचं ते त्याच्या आत, त्यानंतर एक इंजिन गेलं तरी उडायचंच, आणि विमान तसं उडतं. ऑटोपायलट लागतो तो जमीन सोडल्यावर. एअरबसने डिसेंबर २०१९ मध्ये तुलूझला ए३५० आपोआप उडवून दाखवलं खरं, पण ती चाचणी होती, प्रवासी नव्हते त्यात.

लँडिंगचं वेगळं. ते आपोआप होऊ शकतं, आणि आजकालचं नाही हे, जून १९६५ मध्येच हीथ्रोवर ट्रायडेंट विमान प्रवाशांसकट ऑटोमॅटिक टेकलं होतं. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुक्यात समोरचं दिसत नाही तेव्हा ऑटोलँडच कामाला येतं, रनवेवर जेमतेम ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी, फक्त रनवेची यंत्रणा, विमान आणि पायलटचं ट्रेनिंग तिन्ही त्या लायकीचं लागतं. एरवी बहुतेक लँडिंग हातानेच होतात. आडवा वारा जोराचा असेल तर ऑटोलँडची मर्यादा आधी संपते, म्हणजे आपल्याला वाटतं आता मशीनने बघावं तिथे नेमका माणूसच बघत असतो.

मीरा खूष. पुढच्या सेशनला आली ती तोंड पाडून. 'पण मॅडम, माणूसही चुकतोच की.'

मला हे येणार माहीत होतं, जवळपास सगळ्यांचं होतं. कॉम्प्युटरवरची भीती उठून पायलटवर बसली, इतकंच. आता मी अजून माहिती दिली असती (दोन पायलट असतात, एक उडवतो दुसरा नजर ठेवतो, सिम्युलेटरवर ठराविक काळाने परीक्षा होते) तर चार दिवस बरं वाटून भीती तिसरीकडे गेली असती, हवामान, मेंटेनन्स, कशावरही. एकदा विचारलं तर ती माहिती, तेच पाचव्यांदा विचारलं तर तो दिलासा मागणं, आणि दिलाशाची सवय लागते. म्हणून उत्तरं द्यायचं बंद केलं. रागावली जरा. रात्री अपघातांचे व्हिडिओ बघणं आणि नवऱ्याच्या फ्लाइटवर अॅपमध्ये डोळे लावून बसणंही बंद करायला सांगितलं.

त्याऐवजी टेकऑफचे आवाज हेडफोन लावून ऐकायचे, छाती धडधडली तरी थांबवायचं नाही. उड्डाणानंतर हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो ना, ते मुद्दाम जोर कमी करतात म्हणून, आणि हिला कायम वाटायचं इंजिन बंद पडलं. तो तुकडा इतक्यांदा ऐकला की शेवटी कंटाळा आला, मला तेच पाहिजे होतं. मग पुणे-नागपूर, मग जानेवारीत दिल्ली, धुक्यामुळे फ्लाइट लेट. पायलटने उतरवलं की ऑटोलँड होतं तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

हात अजून घामेजतात म्हणे. आता बंगळूरचं तिकीट स्वतःच काढलंय, फक्त पहाटेची फ्लाइट नको म्हणते, आणि ते भीतीमुळे नाही, झोपेमुळे, असा तिचा दावा आहे.