रस्ता सुरक्षा धोरणावर पूर्ण निधीची पीएचडी: इंजिनिअर नसताना अर्ज करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, परदेशातल्या एका विद्यापीठाची रस्ता सुरक्षा धोरणावरची पूर्ण निधीची पीएचडीची जाहिरात पाहिलीत, पण इंजिनिअरिंगची पदवी नाही. अर्ज करावा की नाही?

नक्की करा. मीही राज्यशास्त्राचाच आणि याच विषयात पीएचडी केली. जाहिरातीत ‘धोरण’ हा शब्द आहे, म्हणजे त्यांना वळणाची त्रिज्या काढणारा माणूस नको आहे. नियम कोण करतं, कोण पाळत नाही आणि माणूस मेल्यावर उत्तर कोण देतं, हे शोधणारा हवा आहे. ते तुमच्या शिक्षणात बसतं.

अर्ज मात्र प्रश्नावर उभा राहतो. ‘भारतात अपघात फार होतात’ हा प्रश्न नव्हे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, हे निवड समितीला ठाऊक असतं. तुम्ही जे रोज बघता ते त्यांना ठाऊक नसतं.

गळीत हंगाम घ्या. हंगाम सुरू झाला की कागल, हातकणंगले, करवीरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या बाहेर लोंबतायत, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. रात्री एमआयडीसीतून पाळी संपवून घरी निघालेला पोरगा मोटारसायकलसकट मागून ट्रॉलीत घुसतो. कागदावर काय येतं? ‘हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’. असे कागद बेरजेला गेले की केंद्राच्या अहवालात ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात दिसतात. वेग हे खरं कारण आहेच. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ट्रॉलीला दिवा का नव्हता, हे त्या रकान्यात कुठेच येत नाही.

इथून तुमचं काम सुरू होतं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, मग ट्रॉली कमी कोण भरेल? रिफ्लेक्टर लावायची जबाबदारी मालकाची, मुकादमाची की कारखान्याची? आरटीओ, पोलीस, बांधकाम खातं आणि साखर आयुक्तालय यांच्यात हा विषय कोणाच्या टेबलावर पडतो? दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, फोटो येतात. जानेवारीत त्यातले किती टिकलेले असतात? यातला एकेक प्रश्न प्रबंधाच्या एकेका प्रकरणाचा ऐवज आहे.

दुसरी एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरायला साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत ५ गंभीर वा जीवघेणे अपघात किंवा १० मृत्यू लागतात. पुणे–बंगळूर महामार्गावरची जागा या हिशेबात सापडते. पण आडरस्त्यावर आज इथे एक, पुढच्या हंगामात दोन किलोमीटरवर एक, असे मृत्यू विखुरले तर जागाच ‘काळी’ ठरत नाही, आणि मग निधीही येत नाही. मोजायची पद्धतच कोणाला वाचवायचं ते ठरवते, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतलं कलम १९८अ. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं वा अपंग झालं, तर कंत्राटदार, सल्लागार किंवा संबंधित प्राधिकरणाला १ लाखापर्यंत दंड. एका जिल्ह्यात हे कलम किती वेळा लागलं, एवढं माहिती अधिकारात विचारलंत तरी प्रस्तावाला वजन येईल. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ स्वीकारलं, त्याचा गाभा हाच आहे. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मरण नसावी, आणि ही जबाबदारी रस्ता आखणाऱ्याचीही आहे. आपल्याकडे आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक दिनेश मोहन हे आयुष्यभर मांडत राहिले. त्यांचं लेखन अर्जाआधी वाचाच.

आता पैशाचं. ‘पूर्ण निधी’ या शब्दावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये बऱ्याचदा तो तिथल्या विद्यार्थ्याच्या फीएवढाच असतो आणि परदेशी विद्यार्थ्याच्या फीतला फरक तुमच्या अंगावर येतो. व्हिसा, आरोग्य अधिभार, विमान हे वेगळंच. हे सगळं लेखी विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते, तिकडच्या जाहिरातीही बघा.

देशातला रस्ता सोडू नका. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडे. सामाजिक प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. सारथीचं उपकेंद्र तर कोल्हापुरातच आहे, जाऊन भेटा. आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रासमध्ये या विषयाची स्वतंत्र केंद्रं आहेत.

आकडेशास्त्राची भीती वाटत असेल तर आत्ताच थोडं शिकायला घ्या. धोरणाच्या पीएचडीत मुलाखती आणि कागदपत्रं जास्त असली, तरी अपघातांचा तक्ता वाचता आला नाही तर कोणी गांभीर्याने घेत नाही.

अर्ज भरण्याआधी मार्गदर्शकाला छोटं पत्र लिहा. स्वतःची स्तुती नको, प्रश्न लिहा. आणि त्याच्याही आधी एक काम करा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर पोलीस ठाण्यानुसार बघता येतात. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली एमआयडीसी आणि हातकणंगले ठाण्यांचे गेल्या हंगामातले प्राणांतिक अपघात काढा. वेळ, वाहनं, उजेड होता की नाही, दोष कोणाच्या माथी मारला, असा साधा तक्ता करा. मृतांची नावं तक्त्यात घेऊ नका, ती कोणाच्या तरी घरातली माणसं आहेत. हा तक्ता पत्राला जोडा.