चवथीला गावी आल्यावर हॉलच्या टीव्हीवर काय दिसावं

प्रश्न आलाय इंग्लंडमधल्या स्विंडनहून. माणसं मूळची गोव्यातल्या फोंड्याकडची, मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा सहाचा. घरचे जुने व्हिडिओ म्हणजे लग्नं, बारशी, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आरत्या, जत्रेतली गावची नाटकं, शिवाय बरेच सिनेमे असं सगळं एका मिनी पीसीवर टाकून त्यांनी जेलीफिन, म्हणजे आपल्याच फाइल टीव्हींवर दाखवणारा घरचा सर्व्हर, बसवलंय आणि तिकडचे दोन टीव्ही, फोंड्याला आईवडिलांचा आणि म्हापशाला भावाचा असे चार टीव्ही त्यावर चालतात. स्विंडनला मुलांच्या अकाउंटला वयाचं लिमिट लावलंय पण चवथीला गोव्यात आले की आजोबांच्या टीव्हीवर सगळंच उघडं असतं. तर आजोबांना पिन लावायला शिकवायचं का, असं विचारलंय.

माझं मत, नको. चवथीच्या दिवसात घरात पंधरावीस माणसं, रिमोट या हातातून त्या हातात फिरतो, कोणीतरी पिन टाकून काहीतरी लावतं आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधायला मदत हवी म्हणून उठून जातं, टीव्ही तसाच चालू. यात आजोबांची काहीच चूक नाही. मुळात जेलीफिन काय किंवा तसंच दुसरं प्लेक्स काय, लिमिट टीव्हीला लागत नाही, युजरला लागतं, म्हणजे ज्या नावाने टीव्ही लॉगिन आहे त्या नावाला जे दिसतं ते समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसतं, मग तो सहा वर्षांचा असो की साठ.

म्हणून उलट करा. 'हॉल' नावाचा वेगळा युजर बनवा आणि फोंड्याचा टीव्ही कायम त्यावरच ठेवा. त्यात नाटकं, भजनं, नातवंडांचे व्हिडिओ, मुलांबरोबर बघता येतील असे सिनेमे. आजीआजोबा बहुतेक वेळा तेच बघतात, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही, आणि बाकीचं बघायचं असेल तर त्यांचं स्वतःचं अकाउंट पासवर्ड लावून त्यांच्या टॅबवर द्या. भावाकडेही असंच. आणि ज्या अ‍ॅडमिन अकाउंटने तुम्ही सर्व्हर चालवता त्याने कुठलाही टीव्ही लॉगिन करू नका, त्या अकाउंटवरून फाइल डिलीटही करता येते, आणि लग्नाची कॅसेट पुन्हा मिळणार नाही.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात नाहीये पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिनेमाला निदान सर्टिफिकेट असतं, घरच्या व्हिडिओला कोण देणार? परदेशातून वेळेवर पोचता आलं नाही म्हणून कोणीतरी फोनवर काढून पाठवलेला अंत्यदर्शनाचा व्हिडिओ, आयसीयूमधलं शेवटचं बोलणं, हे तुम्ही जपून ठेवलंय ते बरोबरच केलंत, पण ते लग्नाच्या फोल्डरशेजारी पडलं असेल तर सहा वर्षांच्या मुलाला त्याचे पणजोबा असे अचानक दिसू नयेत. अशा व्हिडिओंना वयाचं रेटिंग लावत बसू नका. त्यांची लायब्ररीच वेगळी करा, आणि युजरच्या अ‍ॅक्सेसमध्ये 'सगळ्या लायब्ररी' ही टिक काढून फक्त हव्या त्याच निवडा. मग होम स्क्रीनवर, नवीन आलेल्यांच्या ओळीत, सर्चमध्ये, कुठेच ते उगवत नाही.

आणि मुलीला विचारा. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या लहानपणी तेल लावून आंघोळ घालतानाचा व्हिडिओ सगळ्या चुलतभावंडांसमोर लागलेला आवडेलच असं नाही. मोठ्यांना त्यात कौतुक वाटतं, मान्य, पण व्हिडिओ तिचा आहे. तिच्याबरोबर एक दिवस बसा, ती म्हणेल ते बाजूला काढा, वाद घालू नका.

सिनेमांचं थोडक्यात. भारतात १९८३ च्या आधी नुसतं यू आणि ए होतं, यूए नंतर आलं, आणि यूएमध्ये ७+, १३+, १६+ असे भाग तर २०२४ मध्ये पडले, त्यामुळे जुन्या सिनेमावर नुसतं यूए लिहिलेलं असेल तर सातच्या मुलाला चालेल की सोळाच्या, काही कळत नाही. शिवाय बऱ्याच जुन्या मराठी सिनेमांना सर्व्हरवर रेटिंगच येत नाही. तेव्हा पॅरेंटल कंट्रोलमध्ये रेटिंग नसलेले सगळे सिनेमे ब्लॉक करा आणि मुलांना चालतील अशा सिनेमांना मेटाडेटामध्ये, म्हणजे सिनेमाच्या माहितीत जाऊन स्वतः रेटिंग घाला. एखादा रविवार जाईल, जाऊ दे.

डीएलएनए, म्हणजे लॉगिनशिवाय घरातल्या टीव्हीला फाइल दाखवायची सोय, चालू असेल तर आधी बंद करा. ते कोण बघतंय हे विचारतच नाही, त्याच वायफायवरच्या टीव्हीला सगळी यादी दाखवतं, आणि तुमचं बाकीचं लिमिट फुकट.

स्विंडनहून फोंड्यापर्यंत पोचवायचं तर राउटरवर पोर्ट उघडू नका, टेलस्केल वापरा, म्हणजे फक्त तुमचीच उपकरणं इंटरनेटवरून एकमेकांना खाजगीत जोडणारं अ‍ॅप. ते सॅमसंग, एलजीच्या टीव्हीवर चालत नाही, म्हणून आईवडिलांच्या टीव्हीला एक अँड्रॉइड टीव्हीचा छोटा बॉक्स लावा. प्लेक्सचं विचाराल तर २०२५ च्या एप्रिलपासून घराबाहेरून आपलंच कलेक्शन बघायला तिथे पैसे लागतात, त्यामुळे जेलीफिनच ठेवा. पण पावसाळ्यात आमच्याकडे वारा सुटला की वीज आणि इंटरनेट दोन्ही जातं, तेव्हा घरच्या व्हिडिओंची एक कॉपी हार्ड डिस्कवर फोंड्याला ठेवाच, बॅकअपही होतो. फक्त टीव्हीला डायरेक्ट लावलेल्या हार्ड डिस्कला युजर आणि लिमिट काही नसतं, म्हणून तिच्यावर 'हॉल'पुरतंच भरा.

कपाटात अजून व्हीएचएस कॅसेट राहिल्या असतील तर या खेपेला बघून घ्या, इथल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, साफ करून कॉपी करणाऱ्याकडेच द्या. फाइल एच २६४ (व्हिडिओ साठवायची एक पद्धत) ची एमपीफोर करून मागा, जवळपास सगळ्या टीव्हीवर तशीच चालते.

निघायच्या आधी भावाला फोंड्याला पाठवा आणि 'हॉल'च्या अकाउंटवर सर्चमध्ये त्या वेगळ्या काढलेल्या व्हिडिओंपैकी एखादं नाव टाकायला सांगा. दिसलं तर कुठेतरी टिक राहिलीये, ती स्विंडनला बसूनच काढता येईल.