बोझमनला येताय? डागी बुलेटचं सांगतो

तुम्ही विचारलंय की एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत, मोंटाना राज्यात बोझमनला येताय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर आहे. ऑफिसातला एकजण एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला नेणार म्हणतो, तो काडतुसं घरीच भरतो. ऑनलाइन 'ब्लेम', म्हणजे डागी, बुलेट स्वस्तात दिसतायत, तर आत्ताच मागवून ठेवाव्यात का?

बँक, व्हिसा, ड्रायव्हिंग यावर लिहीत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. बुलेटचं कुणी मराठीत विचारेल असं मात्र वाटलं नव्हतं. रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी लिहायला बसलोय.

आत्ता मागवू नका. आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस, बुडाचा प्रायमर (ठिणगी देणारा), आतली पावडर (बंदुकीची दारू) आणि पुढचं टोक. बुलेट म्हणजे फक्त ते टोक. पण इथल्या केंद्रीय कायद्यात ते नुसतं टोकसुद्धा 'ॲम्युनिशन'मध्ये येतं, आणि आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्याला ते जवळ ठेवायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असेल तर सूट. मोंटानाचं परवाना-वर्ष 1 मार्चला सुरू होतं. म्हणजे फेब्रुवारी संपला की लगेच नवा परवाना काढायचा. मी दरवर्षी काढतो, त्या मोसमात शिकारीला जायचं असो-नसो. बारा वर्षं अमेरिकेत झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत अजून उभाच आहे. तुमचा जन्म 1 जानेवारी 1985 नंतरचा असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या शिक्षणाचा, कोर्सही करावा लागेल.

आता मालाबद्दल. मी इचलकरंजीचा. वडील मागावरचं कापड तपासायचे. उजेडासमोर ताग्याचा पदर धरून 'हा सेकंडचा' म्हणत बाजूला टाकायचे. ब्लेम म्हणजे तेच, सेकंडचा माल. तांब्याच्या आवरणावर काळपट डाग, तेलाचा ठिपका, बारीक ओरखडा, कधी प्लॅस्टिकच्या टोकाचा रंगच चुकलेला. देवघरातला तांब्या आठ दिवस घासला नाही की जसा दिसतो तशी बुलेट दिसते. एल्कला त्याचं काही नसतं. (चिंच-मीठ लावून घासू नका. मी एकदा केलंय, बायको अजून ऐकवते.)

पण डाग वेगळा आणि माप चुकणं वेगळं. डबा आला की अख्खा टेबलावर ओता. माझ्या शेवटच्या डब्यात 30 कॅलिबरच्या, 165 ग्रेनच्या शंभर बुलेट होत्या. ग्रेन म्हणजे एका पौंडाचा सात हजारावा भाग. ब्याण्णव नग अर्ध्या ग्रेनच्या आत भरले, सात जरा इकडेतिकडे, आणि एकाचं बूड चेपलेलं. ते सात नेमबाजीच्या सरावाला ठेवले, चेपका फेकला. कॅलिपर लावून व्यासही बघा, 30ला 0.308 इंच पाहिजे. 270ची बुलेट 0.277 आणि 7 एमएमची 0.284, डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

ज्या डब्यावर बुलेटचं नेमकं मॉडेल लिहिलेलं नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. वजन सारखं असलं तरी घडण बदलली की रायफलमधला दाब बदलतो, आणि पावडरचं प्रमाण त्या त्या बुलेटच्या मॅन्युअलमधून घ्यायचं असतं. कमीत कमी आकड्यापासून सुरू करायचं. मित्राच्या वहीतला 'माझा नेहमीचा' आकडा त्याच्या रायफलपुरता असतो. 'पुल्ड' लिहिलेला मालही ब्लेम नव्हे. तो जुन्या काडतुसांतून उपटून काढलेला असतो. शिकारीला मी तो वापरत नाही.

पैसे वाचतात, खोटं कशाला बोलू. नुसत्या बुलेट साध्या पार्सलने येतात. पावडर-प्रायमर मागवले की वर हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी बसते, ते दुकानातूनच आणा.

आता जे विचारलं नाहीत ते.

मी 2018च्या जूनमध्ये न्यू जर्सीहून इथे आलो. इथल्या रहिवाशाच्या दराने परवाना मिळायला सलग 180 दिवस राहावं लागतं, आणि बाहेरच्याच्या दरातला फरक डोळे पांढरे करणारा आहे. सप्टेंबरात वडील गेले. तीन आठवडे इचलकरंजीला होतो. परत आल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्टवरचे शिक्के बघितले आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले. भाडेकरार, विजेचं बिल, पगाराची स्लिप, तीन हेलपाटे घातले. वाद घालता आला असता, घातला नाही. कारण तेराव्याला पंगतीत वाढताना मी मनात तेच गणित करत होतो, किती दिवस मोडले म्हणून. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि शाळा. मुलगी आठ वर्षांची म्हणालात म्हणून सांगतो. 2022च्या मोसमात माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. गॅरेजमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसून तो वजनं वहीत लिहायचा. हिरव्या टोकाची एक बुलेट त्याला आवडली. डाग नेमका चंद्रकोरीसारखा होता. कंपासपेटीत घालून ती त्याने शाळेत नेली, मित्राला दाखवायला. नुसतं टोक, ना पावडर ना प्रायमर. दुपारी फोन आला. तीन दिवस घरी, फाइलमध्ये पत्र, आणि मला खुर्चीत बसवून 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं दोनदा विचारलं. नियम असतो, मान्य. पण त्याच आठवड्यात त्याच वर्गातला एक मुलगा बापाबरोबर हरीण मारून आला होता आणि बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्याच्या घरी सगळं ठीक आहे का, हे कुणी विचारलं नाही. मी तिथे 'सॉरी' म्हणालो. तीन वेळा म्हणालो. पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता. त्यानंतर तो गॅरेजमध्ये आला नाही. स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर आता ट्रिमर ठेवतो.

तेव्हा बुलेट कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. भारतात जाताना बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटका, शिकारीच्या जाकिटाचे खिसेसुद्धा. मुंबई विमानतळावर 'सर, हे नुसतं टोक आहे' कुणीही ऐकून घेणार नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर जानेवारीत लागतो, एप्रिलमध्ये कमी होतो. 2022ला मोसम 22 ऑक्टोबरला उघडला आणि 24ला नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नानाच्या वेळी मी बर्फात पालथा पडलो होतो. एल्क दिसला नाही. पुढच्या वर्षी मिळाला, त्याचा खिमा कांदा-लसूण मसाल्यात झकास होतो.

पहिला डबा शंभरचाच घ्या, पाचशेचा नको. वजनकाटा लगेच घेऊ नका, माझ्याकडे दोन आहेत. मोसम ऑक्टोबरच्या शेवटी उघडतो, त्याआधी पोचलात तर एखाद्या रविवारी या. गॅरेजमध्ये हीटर आहे. मुलीलाही आणा, वजनं वहीत लिहायला कुणीतरी लागतंच.