एएमटी झटके देतेय? आधी हे बघ
अरे, गिअरबॉक्स गेला म्हणून लगेच घाबरू नकोस. तुझी गाडी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, गिअर आपोआप बदलणारी), म्हणजे आत क्लच साधाच, मॅन्युअलसारखा. फक्त तो दाबायला पायाऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच आपोआप हलवणारी यंत्रणा. घाटात ट्रॅफिक तुंबलं की चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवतोस ना? तिथेच क्लच जळतो. ब्रेक दाबून ठेव, नाहीतर हँडब्रेक ओढ. मी हे खंबाटकीत शिकलो, जळका वास नाकात बसल्यावर! डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकत असेल तर बॅटरीही तपास. इंजिन बंद करून तासाभराने १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी चार्ज कर. मग गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून एरर कोड, म्हणजे बिघाडाचे कोड, वाचून घे. कोड न बघताच कुणी ‘क्लच किट टाका’ म्हणाला, तर सरळ चावी परत माग.