‘अ‍ॅज इज’ विकली, पण छत चालतं असंही लिहिलं होतं

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. दोन महिन्यांपूर्वी माझी 1957 ची फोर्ड फेअरलेन 500 स्कायलायनर (हिचं पत्र्याचं छत बटण दाबलं की आपोआप डिकीत जातं) रीनोच्या एका गृहस्थांना 31,000 डॉलरला विकली. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, ‘अ‍ॅज इज’ (‘आहे तशी’) लिहून दोघांनी सह्या केल्या. जाहिरातीत मात्र ‘छत उत्तम चालतं’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः तीनदा छत उघडलं-मिटलं, त्यांच्या मुलानं व्हिडिओही काढला. आता छत अर्ध्यावर अडकलंय, दुरुस्तीचे 6,400 डॉलर द्या, नाहीतर कोर्टात जातो म्हणतात. डिसेंबरात ते दोनदा अडकलं होतं. रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बदलल्यावर चालू लागलं, म्हणून मी बोललो नाही. शिवाय बेनिशिया पुलाच्या टोलची नोटीस माझ्या नावानं आली आहे.

उत्तर: डिसेंबरची गोष्ट तुम्ही मोकळेपणानं सांगितलीत ते बरं केलंत, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

‘अ‍ॅज इज’ लिहिलं की सगळं माफ, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅलिफोर्निया कमर्शियल कोडच्या कलम 2316 प्रमाणे या शब्दांनी जाते ती कायद्यानं गृहीत धरलेली हमी. तुम्ही गाड्यांचे व्यापारी नाही, त्यामुळे मालाच्या दर्जाची तशी हमी तुमच्यावर मुळात नव्हतीच. पण तुम्ही स्वतः दिलेला शब्द वेगळा. कलम 2313 नुसार, सौद्याला आधार ठरलेलं वस्तुस्थितीचं विधान ही हमीच असते. ‘हमी’ हा शब्द वापरावा लागत नाही. ‘गाडी झकास आहे’ हे मत झालं. ‘छत उत्तम चालतं’ ही वस्तुस्थिती झाली, आणि स्कायलायनर घेणारा ती छतासाठीच घेतो. ‘याखेरीज कुठलंही आश्वासन दिलेलं नाही’ अशा अर्थाचं वाक्य बिलावर असेल तर मला कळवा, त्यानं फरक पडतो.

तुमची खरी बाजू पुढे आहे. हे विधान विक्रीच्या दिवसापुरतं आहे. छत पुढेही चालत राहील असं तुम्ही म्हटलेलं नाही. या गाडीत डिकीचं झाकण मागच्या बिजागरीवर उघडतं, छत मागे जातं, त्याची पुढची पट्टी दुमडते, मग ते आत उतरतं. प्रत्येक टप्प्याला स्विच आणि रिले, आणि सगळी मिळून 600 फुटांहून जास्त वायर. एक स्विच नीट दाबला गेला नाही की सगळं जागच्या जागी थांबतं. म्हणून दोन महिन्यांनी अडकलं, एवढ्यावरून त्या दिवशी बिघाड होता हे सिद्ध होत नाही. त्यांच्याच मुलाचा व्हिडिओ तुमच्या कामाचा आहे.

आता डिसेंबर. अर्धं सांगून अर्धं दडवणं हीसुद्धा सिव्हिल कोडच्या कलम 1710 प्रमाणे फसवणूक ठरू शकते, आणि कलम 1668 मुळे स्वतःच्या फसवणुकीतून ‘अ‍ॅज इज’ लिहून सुटता येत नाही. दोष गेला असं तुम्ही मनापासून मानत होता का, यावर सगळं ठरेल. रिलेचं बिल आणि त्यानंतर छत एकदाही न अडकणं तुमच्या बाजूनं बोलेल. नंतरही अडकलं असेल तर मला आजच सांगा. मग माझा सल्ला बदलेल.

मेसेज, जाहिरात, बिल, काहीही पुसू नका. त्यांच्याकडून मेकॅनिकचं लेखी निदान आणि बिलाचा तपशील मागा. बिघाड त्याच रिलेपाशी असेल तर तो खर्च तुम्ही द्यावा असं माझं मत आहे. दुसरीच मोटर गेली असेल तर 6,400 देण्याचं कारण मला दिसत नाही, फार तर थोडा वाटा उचला. तडजोडीचा प्रस्ताव म्हणजे कबुली नव्हे. एव्हिडन्स कोडचं कलम 1152 त्याला संरक्षण देतं. पैसे दिलेत तर ‘या विक्रीबद्दल आता कसलाही दावा नाही’ असं त्यांच्या सहीनं लिहून घ्या, त्यात सिव्हिल कोडच्या कलम 1542 चा हक्क (आज माहीत नसलेले दावे पुढे करण्याचा) सोडल्याचा उल्लेख हवाच.

ते कोर्टात गेलेच, तर ही रक्कम स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, बसते. तिथे व्यक्तीसाठी मर्यादा 12,500 डॉलर आहे. तिथे वकील उभा राहू शकत नाही, बोलायचं तुम्हालाच. डिसेंबरबद्दल विचारलं तर जसं मला सांगितलंत तसंच सांगा.

टोलच्या नोटिशीवरून वाटतं, गाडी दिल्याची सूचना डीएमव्हीला (वाहन नोंदणी खात्याला) गेलेली नाही. ती पाच दिवसांत द्यायची असते. उशीर झाला तरी आज रात्रीच ऑनलाइन भरा, आणि तिची प्रत बिल ऑफ सेलसोबत टोलवाल्यांना पाठवा.