उत्तर: शरदातली टेबलाची सजावट, पाने नंतर, आधी डोक्यावरचा दिवा

पुण्याहून बॉस्टनजवळ राहायला येऊन तुम्हाला वर्षही झालेले नाही, ऑक्टोबर लागल्यापासून घरातले सगळे गप्प गप्प असतात, थोरला ताट घेऊन खोलीत जातो, धाकटी टीव्हीसमोर जेवते, आणि जेवणाचे टेबल इथल्या शरदाच्या रंगांत सजवले तर घराला थोडी तरतरी येईल का, असे तुम्ही विचारले आहे. त्या विचारणेत जाता जाता एक वाक्य आले आहे: टेबलावरचा छताचा दिवा पांढराफटक आहे, तो बदलून द्यावा असे संकुलाच्या ऑफिसला कळवले आहे, आणि त्यांचे उत्तर आले की मग सजावटीला हात घालायचा. ते वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून हे लांबलेले उत्तर लिहीत आहे. याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, अशाच भाड्याच्या घरात, अशाच दिव्याखाली आम्ही एक अख्खा शरद काढला आहे.

टेबल मोकळे ठेवणे, त्यावरची टपालाची चळत आणि लॅपटॉप हलवणे, याविषयी काही लिहीत नाही. ते तुम्ही करालच. माझा भर दिव्यावर आहे, कारण सजावटीचा सगळा खेळ रंगांचा आणि रंग उजेडावर अवलंबून. उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात. २७०० केल्व्हिनचा दिवा जुन्या पिवळ्या बल्बसारखा असतो, ४००० ते ५००० केल्व्हिनचा पांढरा, निळसर झाक असलेला. भाड्याच्या घरांत बहुधा दुसऱ्या प्रकारचा, आणि तोही स्वस्तातला, बसवलेला असतो. त्याच्याखाली मेपलचे लालबुंद पान विटकरी दिसते, भोपळा मातकट दिसतो, वरणाचा पिवळा रंग उतरतो आणि समोर बसलेली माणसे तापातून उठल्यासारखी दिसतात. असल्या उजेडात तुम्ही शंभर डॉलरची सजावट मांडली तरी ती दुकानाच्या गोदामात ठेवल्यासारखीच वाटेल.

आता ऑफिसविषयी. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण अशी ऑफिसे सगळीकडे सारखीच. आमची तक्रार बरेच दिवस तशीच पडून होती. मग एक गृहस्थ आले, त्यांनी बटण दाबले, दिवा लागला, त्यांनी बटण बंद केले आणि निघून गेले. संध्याकाळी ॲपवर शेरा आला: 'दिवा चालू आहे. तक्रार बंद.' दिवा चालू आहे हीच आमची तक्रार होती, हे कुणाला समजावून सांगायचे? पुन्हा लिहिल्यावर कळले की त्या दिव्यात बदलता येईल असा बल्बच नाही, एलईडी आतच जोडलेली आहे, त्यामुळे अख्खा दिवा काढावा लागेल, आणि सर्व घरांतले दिवे एकसारखे ठेवण्याचा नियम आहे. आम्ही म्हटले, नवा दिवा आमच्या खर्चाने लावतो आणि घर सोडताना जुना परत बसवून देतो. त्यावर परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवा, ही अट आली. ती रास्तच होती. तो मिळवल्यावर त्याच्या विम्याचे प्रमाणपत्र हवे झाले, त्यावर संकुलाचे नाव हवे झाले, आणि ते सगळे दिल्यावर अर्ज मुख्य कार्यालयाकडे गेला. तिथे तो काय करत होता, ते त्यालाच ठाऊक.

या काळात खिडकीबाहेरच्या झाडांनी रंग बदलला, पाने गळाली, पालिकेच्या गाडीने ती उचलूनही नेली. बॉस्टनच्या आसपास रंगांचा भर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत असतो; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि सूर्यास्त एकदम साडेचारच्या आसपास येऊन ठेपतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तर सव्वाचारलाच अंधार पडू लागतो. म्हणजे ज्या काही आठवड्यांत टेबलाभोवती माणसे गोळा करायची सवय लावायची, तेच आठवडे आम्ही एका अर्जाच्या मागे घालवले. 'उत्तर आले की सुरू करू' या वाक्याची किंमत ही अशी असते. तुमच्या बाबतीत ती वसूल होऊ नये, एवढ्यासाठी इतके सांगितले.

यात पैशांचाही एक भाग आहे. मधल्या काळात टेबलाच्या वर छताला एक हुक लावून त्यावरून लोंबता दिवा सोडावा का, असे विचारल्यावर ऑफिसमधल्या बाईंनी 'हरकत नाही' असे तोंडी सांगितले. घर सोडताना त्याच छिद्राबद्दल अनामत रकमेतून कपात झाली, आणि 'हरकत नाही' म्हणणाऱ्या बाई तोवर नोकरी सोडून गेल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये घर सोडल्यापासून ३० दिवसांत अनामत परत करावी लागते आणि नुकसानीपोटी कपात केल्यास तिचा तपशीलवार हिशेब द्यावा लागतो, हे तेव्हा उपयोगी पडले. मी वकील नाही, तेव्हा नेमका सल्ला जाणकारांकडून घ्यावा. पण ऑफिसचा प्रत्येक होकार ईमेलवर घ्या, हे सांगायला वकील लागत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की अर्ज चालू राहू द्या, पण छताचा तो दिवा आजपासून जेवणाच्या वेळी लावूच नका. वाकलेल्या मानेचा उभा दिवा टेबलाच्या कडेला ठेवता येतो. त्याची टोपी टेबलापासून ३० ते ३६ इंच उंचीवर आली की उजेड ताटांवर पडतो आणि डोळ्यांत जात नाही. त्यात २७०० केल्व्हिनचा, रंग खरे दाखवणारा बल्ब घाला. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून अधिक असे लिहिलेले असते. जागा नसेल तर बॅटरीवर चालणारे दोन छोटे टेबलदिवेही पुरतात. छताच्या दिव्याला रंगीत कागद किंवा ओढणी गुंडाळण्याची कल्पना कुणी तरी नक्की सुचवेल. ती कृपया करू नका, आगीशी खेळ आहे. मेणबत्त्यांच्या बाबतीत तुमचा भाडेकरार आधी वाचा, कारण काही ठिकाणी उघड्या ज्योतीला मनाई असते. आणि दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या जेवणाच्या टेबलावर आणूच नयेत. आमटीच्या फोडणीवर त्या वासाने कुरघोडी केली, की दोन्ही वास बिघडतात.

इथे एक खुलासा करायला हवा. मी डॉक्टर नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाल्याने येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले, आणि त्यावरच्या उपचारात सकाळी १०,००० लक्स इतका प्रखर उजेड वापरतात. जेवणाच्या टेबलावरचा मंद पिवळा दिवा हा तो उपचार नव्हे. त्याने टेबलाशी बसावेसे वाटते, एवढेच. घरात कुणाची झोप, भूक किंवा उमेद आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर भोपळे मांडत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आता सजावट. मासिकांतल्या चित्रांत टेबलाच्या मधोमध फुलापानांचा ढीग असतो आणि त्यावर कुणी जेवत नसते. आपले जेवण तसे नाही. टेबल ३६ इंच रुंद धरा. समोरासमोर बारा-बारा इंचांची दोन ताटे मांडली की मध्ये बारा इंच उरतात, आणि त्यात आमटीचे पातेले, पोळ्यांचा डबा, तुपाची वाटी, लोणच्याची बरणी यांनाही जागा हवी. म्हणजे सजावटीच्या वाट्याला जेमतेम सहा इंचांची पट्टी येते. ती एका लांबट लाकडी ट्रेमध्ये मांडा, जो एका हाताने उचलून बाजूला ठेवता येईल. उंची फुटाच्या आत हवी. समोरच्या माणसाशी बोलताना मान तिरकी करावी लागली तर सजावटीचा हेतूच फसला. कापड मोहरीच्या किंवा गंजाच्या रंगाचे घ्या. शरदाला ते शोभते आणि हळदीचे डागही पोटात घेते. पांढऱ्या टेबलपट्टीचे आपल्या घरात काय होते, ते वेगळे सांगायला नको.

पाने गोळा करायची तर मुलांना घेऊन जा, पण आधी त्यांना एक पान ओळखायला शिकवा. एका देठावर तीन पाने असलेली, शरदात सुंदर लाल होणारी पॉइझन आयव्ही ही वेल रस्त्याच्या कडेला सर्रास दिसते आणि मुलांचे हात नेमके तिच्याकडेच जातात. बिब्बा उतला की कातडीवर जे होते, तेच हिच्याने होते. दोन्ही काजूच्याच कुळातल्या. वाळलेल्या पानांतही तिचे तेल टिकून राहते. नारिंगी फळांच्या घोसांची बिटरस्वीट नावाची वेलही टेबलावर फार देखणी दिसते, पण तिची आशियाई जात इथे रानभर पसरली आहे. या राज्यात तिच्या विक्रीवर बंदी आहे आणि तिची फळे विषारी आहेत, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

मेपलचे पान घरात आणून तसेच ठेवले, तर हीटिंगच्या कोरड्या हवेत दुसऱ्याच दिवशी त्याच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळतात आणि हात लागला की मोडतात. म्हणून आणल्या दिवशीच ती वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वर जड पुस्तके ठेवावीत. आठवडाभरात पान सपाट होते आणि लाल रंग बराचसा टिकतो. ग्लिसरीनचा एक भाग आणि पाण्याचे दोन भाग घेऊन त्यात पाने बुडवून ठेवली, तर ती चामड्यासारखी मऊ राहतात, पण रंग काळपट होतो. ओकच्या पानांना ते चालते, मेपलला नाही. ओकची एक डहाळी पितळी तांब्यात उभी केली, तर विकतच्या कुठल्याही फुलदाणीपेक्षा ती उठून दिसते. उंचीमुळे ती मात्र टेबलावर नको, बाजूच्या कपाटावर ठेवा.

छोटे भोपळे न कोरता ठेवले तर कित्येक आठवडे टिकतात. कोरलेला भोपळा उबदार घरात आठवडाभरही धड राहत नाही. प्रत्येकाखाली बशी ठेवा, कारण खालून पाझर सुटला की लाकडावर कायमचा डाग पडतो. रंगीबेरंगी, गाठीगाठींचे शोभेचे भोपळे मिळतात, ते भाजीत घालायचे नसतात. घरी सासूबाई किंवा आई आलेल्या असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. कडू दुधी खाऊ नये हे त्यांना पक्के ठाऊक असते, त्यामुळे एका वाक्यात पटते. शेवंतीच्या कुंड्या या दिवसांत किराणा दुकानाच्या दारातच रांगेने मांडलेल्या असतात. कळ्या अर्धवट मिटलेल्या असतील अशी कुंडी घ्या. घरात मांजर असेल तर मात्र शेवंती नको, तिला ती बाधते.

दसऱ्याला सोने म्हणून द्यायला आपट्याची पाने इथे मिळत नाहीत, आणि भारतातून येणाऱ्यांना ती आणायला सांगून विमानतळावर अडचणीत टाकू नये. रेडबड नावाचे झाड आपट्याच्या जवळच्या नात्यातले आहे; त्याची हृदयाच्या आकाराची पाने शरदात पिवळीधमक होतात आणि बागांतून ते लावलेले दिसते. दसरा ऑक्टोबरच्या मध्यानंतर आला तर ही पाने ताटाशेजारी ठेवायला मिळतात, लवकर आला तर ती हिरवीच असतात, पण आपट्याचीही हिरवीच असतात की.

मुलांविषयी एवढेच, की धाकटीला ट्रेची मांडणी सोपवा आणि ती जशी मांडेल तशी राहू द्या. थोरल्याला पाने गोळा करायला सांगितले तर तो डोळे फिरवेल. त्याला दिव्याचे काम द्या: कुठला बल्ब, किती मंद, कुठे ठेवायचा, हे त्याला ठरवू द्या. उजेड कमी-जास्त करता येणारा बल्ब आणला तर तो त्यात गुंततो, आणि गुंतला की ताट घेऊन खोलीत जायचे निदान त्या दिवशी तरी विसरतो. फोन टेबलावर आणू नयेत असा फतवा पहिल्या आठवड्यात काढू नका. लोक फतव्यासाठी टेबलाशी येत नाहीत.

शेवटचे म्हणजे क्रॅनबेरी. मॅसॅच्युसेट्समध्ये तिचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि बारा औंसांची पिशवी कुठेही मिळते. फळात हवेच्या पोकळ्या असल्याने ती पाण्यावर तरंगते. काचेच्या उथळ वाडग्यात पाणी घालून वर क्रॅनबेरी आणि, भाडेकरारात ज्योतीला मनाई नसेल तर, मेणाचे तरंगते दिवे सोडले, तर पिवळ्या उजेडात तो वाडगा एकटाच टेबलाला पुरतो. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. वाडग्यातली फळे नंतर खाऊ नका, त्यांना मेण लागलेले असते. पण पिशव्या घेताना दोन जास्त घेऊन फ्रीझरमध्ये टाका. मोहरी, हिंग, हळद, तिखट आणि थोडा गूळ घालून तिचे लोणचे कैरीच्या जवळपास जाते, आणि जानेवारीत वरणभाताबरोबर तेच लागते.